निर्णय तिचा, तर साधनही तिच्या हाती हवे

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या दिवशी सभागृहात हजर नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण रोहम यांनी वाचून दाखविले. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाही पुरुषाने जन्मात एकाहून जास्त मूल होऊ दिले नसते, असे बाबासाहेबांनी त्यात बजावले होते. कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल, तर गर्भधारणा टाळणे तिला शक्य असले पाहिजे आणि मूल होऊ देणे हे सर्वस्वी तिच्या इच्छेवर अवलंबून असले पाहिजे, ही त्या भाषणातली खरी क्रांतिकारक मांडणी होती. सभागृहाने ठराव फेटाळला.

हिंदू कोड बिलाची आठवण आपण दरवर्षी काढतो. या भाषणाची आठवण मात्र जयंतीच्या व्यासपीठावर क्वचितच निघते. विषय लाजेचा वाटतो ना! 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून कोर्टात उभे राहिले. त्यांना लाज वाटली नाही. मग त्यांच्या अनुयायांनी का लाजावे?

काही वर्षांपूर्वी वर्षावासात एका विहारात मी महिलांसमोर कौटुंबिक हिंसाचार कायद्यावर बोलले. कार्यक्रम संपल्यावर एक भगिनी मागे थांबली. म्हणाली, "ताई, निरोध वापरा म्हटलं की तो संशय घेतो. तांबी बसवली तर अंगावरून जातं. ऑपरेशन करू म्हटलं तर सासू म्हणते, अजून मुलगा कुठाय? मी काय करू?" कलमे मला पाठ होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते. घर बौद्ध, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि सासूला नातूच हवा. हेही आपणच एकदा कबूल केले पाहिजे.

तिच्यापुढे जे पर्याय कुणी ठेवलेच नाहीत, त्यांतला एक म्हणजे स्त्रियांचा निरोध, म्हणजेच फिमेल कंडोम. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९३ साली त्याला मान्यता दिली. ही एक मऊ, पातळ पिशवी असते. तिचे बंद टोक योनीत आत बसते, तर उघड्या टोकाची कडी बाहेर राहते. संबंधाच्या काही तास आधीही स्त्री ती स्वतः बसवू शकते. त्यासाठी डॉक्टर, सुई, भूल यांपैकी काहीच लागत नाही. गर्भधारणा आणि एचआयव्हीसह लैंगिक संबंधातून होणारे आजार, दोन्हींपासून ते संरक्षण देते. नसबंदी, तांबी किंवा गोळ्या आजारांपासून संरक्षण देत नाहीत. प्रत्येक वेळी नवा निरोध घ्यावा लागतो, आणि पुरुषाच्या निरोधासोबत तो एकाच वेळी वापरायचा नसतो.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरातल्या सुमारे २१ स्त्रियांना दिवस जातात, दर वेळी अचूक वापर झाला तर सुमारे ५ जणींना. पुरुषांच्या निरोधाबाबत नेहमीच्या वापरातला हा आकडा सुमारे १३ आहे. म्हणून ज्या स्त्रीच्या जिवाला गरोदरपणाचा धोका आहे, तिने केवळ यावर विसंबू नये. शिवाय हे साधन नवऱ्यापासून लपत नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्यावर तो इलाज नव्हे. त्यासाठी कायदाच वापरावा लागेल. पण 'तू वापर' अशी विनवणी करणे वेगळे आणि 'मी वापरते आहे' असे सांगणे वेगळे. या दोन वाक्यांत सत्तेचा फरक आहे.

आज ही सत्ता कोणाकडे आहे, ते सरकारी आकडेच सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची. तरीही टेबलावर झोपते ती स्त्रीच! बिहारच्या अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत रात्री ५३ स्त्रियांची नसबंदी उरकण्यात आली. छत्तीसगडमध्ये बिलासपूर येथे नोव्हेंबर २०१४ च्या शिबिरांनंतर किमान तेरा स्त्रियांचे बळी गेले. अशा शिबिरांत कोणाच्या लेकीसुना असतात, हे वेगळे सांगायला नको. अखेर देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी ही शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले.

कायद्याची बाजूही पाहू. मूल होऊ द्यायचे की नाही हे ठरविण्याचा स्त्रीचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुचिता श्रीवास्तव खटल्यात २००९ सालीच म्हटले. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये जुनाच अपवाद कायम ठेवण्यात आला. पत्नी अठरा वर्षांवरील असेल, तर नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्कार ठरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाविरुद्ध दाद मागता येते, एवढाच काय तो आधार. म्हणजे अधिकार घटनेत आहे, पण घरात नाही. अशा परिस्थितीत स्त्रीच्या हातात साधनही नसेल, तर त्या अधिकाराला अर्थ काय?

आपल्या राज्यातली विसंगती पाहा. नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळ क्युपिड कंपनीच्या कारखान्यात स्त्रियांचे निरोध तयार होतात. २०१२ साली त्यांना जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी यांची पूर्वमान्यता मिळाली. ते दक्षिण आफ्रिकेपर्यंत निर्यात झाले. पण सिन्नर तालुक्यातल्या किती भगिनींनी तो डोळ्यांनी पाहिला आहे? आपल्या सरकारी केंद्रात पुरुषांचा निरोध, माला-एन, छाया, तांबी, अंतरा इंजेक्शन आणि नसबंदी मोफत मिळते. त्या यादीत स्त्रियांच्या निरोधाला जागा नाही. एड्स नियंत्रण कार्यक्रमात तो देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला, तो योग्यच होता. पण 'त्या बायकांची वस्तू' असा शिक्का बसला की संसारी स्त्रीला तो मागण्याचीही चोरी होते.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत हे साधन आपोआप आले नाही. तेथील स्त्रियांनी तीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन सरकारला दिले आणि १९९७ मध्ये ते सवलतीच्या दरात तेथे उपलब्ध झाले. मागितल्याशिवाय कोणतेही सरकार काही देत नाही, हे आपल्या चळवळीला कोणी शिकवायला नको.

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात, कुटुंब नियोजन हा बहुजनांची संख्या घटविण्याचा डाव आहे. ही शंका अगदीच निराधार नाही. टार्गेट गाठण्यासाठी गरिबांच्या बायकांना शिबिरात नेणारी व्यवस्था आपण पाहिली आहे. पण त्यावरचा उपाय स्त्रीचे साधन काढून घेणे हा नव्हे. सरकारने तिच्या कुशीचा हिशेब ठेवणे जितके चूक, तितकेच समाजाने संख्येसाठी तिला बाळंतपणाला जुंपणे चूक. बाबासाहेबांनी निर्णय ना सरकारला दिला, ना नवऱ्याला, ना समाजाला. तो स्त्रीला दिला.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. मोफत साधनांच्या सरकारी यादीत स्त्रियांच्या निरोधाचा समावेश झाला पाहिजे. आशाताई आणि नर्सबाईंना तो समजावून सांगण्याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. त्याचबरोबर प्रत्येक विहारातील महिला मंडळाने वर्षावासात एक दिवस याच विषयाला द्यावा, आणि त्या दिवशी पुरुषांनीही मागच्या रांगेत बसून ऐकावे. निवेदनाखाली पहिल्या सह्या आपल्या घरातल्या असोत.

१९३८ साली सभागृहाने बाबासाहेबांचे ऐकले नाही. आज प्रश्न सभागृहाचा नंतर, आपल्या घराचा आधी आहे. जयभीम!