खोगीर आणि खोगीरभरती

हे टिपण लिहिण्यास निमित्त झाले ते एका स्मरणिकेचे. लहानपणी ज्यांनी आम्हांला घोड्यावर बसायला शिकवले त्या बाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या तबेल्यात शिकून गेलेल्या काही जणांनी मिळून एक छोटी स्मरणिका काढायचे ठरवले आणि तिचे संपादन आम्हां तिघांकडे आले. कारण एवढेच, की त्या मुलांपैकी आम्ही तिघे पुढे साहित्य शिकवण्याच्या व्यवसायात पडलो. लेख जमू लागले तसतशी आमची अस्वस्थता वाढत गेली. ही अस्वस्थता लेखकांविषयी नव्हती, कारण त्या लेखांत आमचेही लेख होते.

बहुतेक सर्व लेखांत बाई ‘शिस्तप्रिय’ होत्या. निम्म्याहून अधिक लेखांत त्या ‘वरून कठोर पण आतून प्रेमळ’ होत्या. फणस तीन लेखांत आला, आणि त्यांतला एक आमच्यापैकीच एकाने लिहिलेला होता. ‘आमचे आयुष्य घडवले’ हे वाक्य तर जणू सर्वांनी एकाच वहीतून उतरवून घेतले होते. मात्र तट्टाचा तंग किती आवळावा, खरारा कुठून कुठे करावा, तट्टाने कान मागे टाकले की काय समजावे, यातले अक्षरही कुठे नव्हते. हे लेख एखाद्या गायनशिक्षिकेचे म्हणून छापले असते, गणिताच्या मास्तरांचे म्हणून छापले असते, तरी काही बिघडले नसते. जो स्मरणलेख कोणाचाही म्हणून चालतो तो कोणाचाच नसतो, एवढी साधी गोष्ट आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आणि स्वतः लिहायला बसलो तेव्हा विसरलो.

अशा लेखनाला मराठी समीक्षेत एक हुकमी शब्द आहे : खोगीरभरती. तो वापरला नाही असा परीक्षणलेखक विरळा. परंतु खोगीर प्रत्यक्ष उसवून त्यातली भरती ज्याने पाहिली आहे असा परीक्षणलेखकही तितकाच विरळा असावा. आम्ही ती पाहिली आहे आणि म्हणून या शब्दाविषयी आम्हांला थोडे अधिक सांगायचे आहे.

आमचा तबेला पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यापासून आत, एका माळाच्या कडेला होता. काळ १९८०च्या दशकाचा. पत्र्याची लांबलचक पडवी, दगडी पाण्याचा हौद, दोन चिंचा आणि सात-आठ तट्टे, एवढीच काय ती संपत्ती. तट्टे भीमथडीची होती. भीमा-नीरेच्या खोऱ्यात धनगर मेंढपाळांबरोबर बिऱ्हाडाचे ओझे वाहणारी ही काटक जात. खांद्यापाशी ५८ इंचांच्या आत उंची असली की इंग्रजीत ज्याला ‘पोनी’ म्हणतात, त्या मापात बसणारी. मराठ्यांच्या घोडदळाशी तिचे नाव जोडले जाते. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या राजा बढे यांच्या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे आणि २०२३ साली ते गीत राज्यगीत झाल्यापासून तो उल्लेख शाळाशाळांतून ऐकू येतो. या जातीची स्वतंत्र देशी अश्ववंश म्हणून अधिकृत नोंद मात्र व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. नाव सर्वांच्या तोंडी आणि प्राणी कोणाच्याच डोळ्यांपुढे नाही, अशी ही स्थिती आहे.

आपल्या भाषेतल्या घोड्यांचे एकूणच असे झाले आहे. आपण चर्चेला लगाम घालतो, कल्पनेला चौखूर उधळू देतो, विषयावर मांड ठोकतो, वरातीमागून घोडे आणतो, घोडे कुठे पेंड खाते ते शोधतो आणि प्रतिपक्षाला भाड्याचे तट्टू ठरवतो. घोडा रस्त्यावरून गेला पण वाक्प्रचारांत राहिला. बाईंनी आमच्यासाठी केले ते नेमके उलटे. आमच्यापाशी हे शब्द आधीच होते; बाईंनी त्या शब्दांखालचा घोडा दाखवला. ‘तंग’ हे आमच्या लेखी विशेषण होते, आणि तो खोगीर बांधण्याचा पट्टा आहे हे तिथे कळले. तंग आवळताना तट्टू पोट फुगवून धरते आणि चार पावले चालले की श्वास सोडते, म्हणून तंग पुन्हा एकदा पाहायचा असतो, हेही तिथेच कळले. ‘मांड’ म्हणजे रुबाब नव्हे. रिकिबी काढून घेतल्यावर दुडक्या चालीत जे शिल्लक राहते ती मांड. बाई आठ-आठ दिवस रिकिबी देत नसत.

पहिला महिना तर कोणालाच वर बसू देत नसत. खुरात अडकलेली माती टाचेकडून पुढे काढत आणायची, मधल्या मऊ त्रिकोणाला धक्का लावायचा नाही. केसांच्या वळणाने खरारा करायचा. मागून जायचे नाही, खांद्याच्या बाजूने बोलत जायचे. आधी पाणी, मग दाणा. हे सगळे त्या एकदा सांगत आणि नंतर पाहत राहत. त्यांचे बोलणे थोडे असे, आणि त्यातलेही निम्मे तट्टांशी असे.

आता त्या खोगिराविषयी. ‘मैना’ नावाची एक तपकिरी घोडी होती. आमच्यापैकी एकाने, तेव्हा वय अकरा, एका सकाळी घाईघाईने एक जुने खोगीर उचलले. तबेल्यातले मोतद्दार, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू, म्हणाले, “त्याची लोकर गोळा झालीया बाळा, दुसरं घे.” दुसरे घेतले नाही. तासाभराने रपेट संपवून खोगीर उतरवले तेव्हा मैनेच्या पाठीवर सुपारीएवढ्या दोन गाठी होत्या आणि त्यांभोवतीची कातडी तापली होती. बाई आल्या. रागावल्या नाहीत. “हात ठेव इथे,” म्हणाल्या. हात ठेवला. “गरम लागतंय ना? ती तुझी घाई आहे.” त्यानंतर महिनाभर त्या मुलाने घोड्यावर बसायचे नाही, असे ठरले. रोज येऊन मैनेची पाठ गार पाण्याच्या फडक्याने शेकायची आणि मामांबरोबर बसून ते खोगीर उसवायचे. आतली लोकर बाहेर काढायची, गाठी सोडवायच्या, पिंजायची आणि पुन्हा सारखी भरायची.

खोगीरभरतीचा अर्थ त्या महिन्यात समजला. भरती ही मुळात वाईट गोष्ट नाही. नीट पिंजून, सारखी भरलेली लोकर नसेल तर स्वाराचा सगळा भार पाठीच्या कण्यावर पडेल. वाईट असते ती न पाहता कोंबलेली, गोळा झालेली भरती, आणि तिचा त्रास वर बसणाऱ्याला होत नाही. त्याला खोगीर मऊच लागते. गाठी उठतात त्या खाली, जो बोलू शकत नाही त्याच्या पाठीवर.

स्मरणलेखाचेही असेच आहे, हे आमचे या लेखातले म्हणणे आहे. ‘शिस्तप्रिय’, ‘प्रेमळ’, ‘आयुष्य घडवणारे’ ही विशेषणे लिहिणाऱ्याला मऊ लागतात. जिच्याविषयी लिहिले ती व्यक्ती उत्तर द्यायला उरलेली नसते, आणि गाठी तिच्या आठवणीला येतात. मैनेचा प्रसंग स्मरणिकेच्या पहिल्या खर्ड्यात आमच्यापैकी त्याच मुलाने, म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकाने, लिहिला होता. त्याचा शेवट असा होता की शिक्षेमागेही बाईंची आमच्यावरची माया होती. वाक्य सुरेख होते. ते खरे होते काय?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला अनपेक्षितपणे मिळाले. बाईंच्या भाचीने त्यांच्या दाण्याच्या वह्या आम्हांला पाहायला दिल्या. रोज कोणत्या तट्टाला किती हरभरा, किती कोंडा, कोणाचे नाल बदलले, कोणाचे काम किती झाले, याच्या त्या नोंदी. त्या दिवसाची नोंद सापडली : ‘मैना. पाठ तापली. पंधरा दिवस काम नाही. हरभरा कमी.’ बस्स. मुलाचे नाव नाही, शिक्षा नाही, माया तर नाहीच. पुढचे चौदा दिवस रोज मैनेच्या पाठीविषयी एक एक ओळ आहे.

आम्ही तिघेही काही वेळ गप्प होतो. ज्या प्रसंगाला आम्ही आपल्या घडणीचा अध्याय समजत होतो, तो बाईंच्या लेखी एका घोडीच्या पाठीचा प्रसंग होता. बाईंचे आमच्यावर प्रेम होते की नाही हे आम्हांला ठामपणे सांगता येणार नाही. तट्टांशी त्या न्यायाने वागत होत्या, हे निश्चित सांगता येते. आम्ही त्यांच्यावर जीव टाकला तो बहुधा याचमुळे : ज्या जगाचे केंद्र आम्ही नव्हतो असे जग आम्हांला प्रथम त्यांनी दाखवले. घरी आणि शाळेत सगळे आमच्या भल्यासाठी चाललेले असे. तबेल्यात मात्र ते तट्टांच्या भल्यासाठी चाले आणि आम्ही त्यात उपयोगी पडलो तर पडलो. फणसाच्या उपमेत हे सारे पुसले जाते. फणस अखेर खाणाऱ्यासाठी असतो.

वाङ्मयात याचे दाखले नाहीत असे नाही. ॲना स्यूएल या इंग्रज लेखिकेची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी १८७७ साली प्रसिद्ध झाली. लहानपणीच्या दुखापतीमुळे स्यूएलला चालणे कष्टाचे होते आणि तिचा प्रवास घोड्यांच्या भरवशावर चाले. तिने निवेदनाचे काम घोड्याकडेच दिले, आणि मान उंच ताणून धरणारा फॅशनेबल लगाम खालून कसा लागतो ते वाचकांना कळले. आपल्याकडे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीच्या राणीच्या अश्वपरीक्षेची वाखाणणी आहे. १९०७ साली छापल्या गेलेल्या या पुस्तकातली लक्ष्मीबाई पुढच्या अनेक गौरवग्रंथांतल्या राणीपेक्षा जिवंत वाटते, कारण भटजींनी तिला काय येत होते ते पाहिले. ‘श्यामची आई’ (१९३५) हे पुस्तक तर भावुकतेसाठीच ओळखले जाते. पण तिथेही वाचकाला आठवते ते विशेषण नव्हे. मुलाच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने दगडावर ओचे पसरले, ती कृती आठवते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माणूस गेल्यावर लिहिणारे शोकात असतात. त्यांच्याकडून असल्या काटेकोरपणाची अपेक्षा करणे हा क्रूरपणा नव्हे काय? रूढ शब्द हे दुःखाच्या वेळी हाताला लागणारे कठडेच असतात. हे आम्हांला मान्य आहे, आणि म्हणून ज्यांनी लेख पाठवले त्यांना आम्ही दोष देत नाही. आमचे बोलणे आमच्याशी आणि आमच्यासारख्या, लेखन शिकवणाऱ्या लोकांशी आहे. आपण विद्यार्थ्याला ‘माझे आवडते शिक्षक’ हा निबंध देतो आणि गुणांची यादी जमली की गुण देतो. ‘त्यांनी तुला काय शिकवले ते मला शिकवता येईल इतके नीट सांग’ असे आपण म्हणत नाही. पुढे त्याच मुलांनी पन्नाशीत फणस लिहिला तर त्याची भरती आपणच केलेली असते.

आम्ही सर्व लेखकांना एक पत्र पाठवले. त्यात एकच विनंती होती : बाई कशा होत्या हे लिहू नका, त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट करून कशी दाखवाल ते लिहा. लेख परत आले तेव्हा निम्म्याने आखूड झाले होते. एकीने फक्त तंग दुसऱ्यांदा आवळण्याविषयी लिहिले आहे. ती आता भूलतज्ज्ञ आहे, आणि रुग्णाजवळ दुसऱ्यांदा जाऊन पाहण्याची सवय कुठून लागली ते तिने सांगितलेलेही नाही. सांगायची गरज उरली नाही. बाई त्या लेखात आहेत.

एक गोष्ट मात्र आम्हांला लज्जास्पद वाटली. मामांचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. ज्यांनी खोगिरे शिवली, रात्री-अपरात्री पोटशूळ झालेल्या तट्टांना फिरवले, आम्हांला पडल्यावर उचलले, ते सर्वांच्या लेखी केवळ ‘मामा’ होते. आपुलकीचे नाते लावले की नाव विचारायचे राहून जाते; ही आपल्या समाजाची जुनी सोय आहे. दाण्याच्या वहीच्या पहिल्या पानावर, तट्टांच्याही आधी, बाईंनी त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि पगार लिहून ठेवला होता.

आज त्या माळावर इमारती उभ्या आहेत. चिंचांपैकी एक शिल्लक आहे, असे ऐकतो. स्मरणिका येत्या महिन्यात छापून होईल. तिच्या पहिल्या पानावर बाईंच्या आणि मामांच्या नावांखाली सगळ्या तट्टांची नावे येतील. मैनेच्या प्रसंगाचा शेवट आम्ही बदलला आहे. आता तिथे बाईंची ती चार वाक्यांची नोंद आहे.