नर्सरीतला स्मार्ट बोर्ड कोणासाठी?



प्रवेशाचे दिवस आले की आपल्या छत्रपती संभाजीनगरात, सिडको-गारखेड्यापासून बीड बायपासपर्यंत, नर्सरीच्या जाहिराती लागतात. ‘स्मार्ट क्लास’ हे शब्द त्यात ठळक असतात. शुगर तपासायला आलेले आजी-आजोबाही कौतुकाने सांगतात, “डॉक्टर, नातवाच्या वर्गात मोठा टच स्क्रीन आहे!” माझे मत स्पष्ट आहे. सहा वर्षांखालील मुलांच्या वर्गात या बोर्डाची गरज नाही आणि त्यासाठी जास्तीची फी तर मुळीच देऊ नये.

‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणजे काय?

ज्याला मूल स्वतः हात लावून उत्तर देऊ शकते, तो इंटरॅक्टिव्ह बोर्ड. आता हिशोब करा. वर्गात ३० मुले आणि तास ३० मिनिटांचा. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १ मिनिट येते. उरलेली २९ मिनिटे मूल मांडी घालून नुसते बघते. म्हणजे एकासाठी बोर्ड आणि बाकीच्यांसाठी टीव्ही. टीव्ही तर घरीही आहे.

हाताला काम हवे

मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. तीन-चार वर्षांच्या मुलात त्यातली साधारण निम्मीच हाडे घडू लागलेली असतात. पेन्सिल धरण्याची ताकद आणि बोटांचा ताळमेळ याच वयात तयार होतो. तो काचेवर बोट सरकवून येत नाही. कणकेचे गोळे करणे, मणी ओवणे, कागद फाडणे, शेंगा सोलणे यातून येतो. पाच चिंचोके मुठीत धरले की ‘पाच’ म्हणजे किती, हे हातालाही कळते.

भाषेचेही तसेच. अमेरिकेत पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकलेल्या चिनी भाषेचे आवाज बाळे ओळखायला शिकली. तेच व्हिडिओवर दाखवले, तर शिकली नाहीत. नर्सरीतली मुले मोठी असतात, व्हिडिओतून थोडेफार शिकतातही. पण मूल चुकले की थांबणारी आणि त्याच्या प्रश्नाने गोष्ट वळवणारी बाई बोर्डात नसते.

वेळ किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की २ ते ४ वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला १ तासापेक्षा जास्त नसावा, आणि कमी असेल तितके चांगले. ३-४ वर्षांच्या मुलांची हालचाल मात्र रोज किमान १८० मिनिटे हवी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला असाच आहे: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांत एक तासाच्या आत. घरी जेवताना मोबाइल आणि शाळेत अर्धा तास बोर्ड, मग तो तास कुठे राहिला?

“पण मोबाइलपेक्षा बरा ना?”

हो, डोळ्यांपुरते बोलायचे तर बरा. मोठा स्क्रीन लांबून पाहताना ताण कमी पडतो. पण मायनस नंबर टाळण्यासाठी मुलांना हवा असतो तो बाहेरचा उजेड. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर ठेवण्याचा कार्यक्रम राबवला आणि मुलांमधले दृष्टिदोषाचे वाढते प्रमाण खाली येऊ लागले. बोर्डापुढचा अर्धा तास मैदानातून कापला जात असेल, तर तो महागच पडतो.

“आमच्या मुलांनी मागे राहायचे का?”

हा प्रश्न रास्त आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून डिजिटल केल्या. ती तळमळ खरी आहे, आणि पाचवी-सातवीच्या मुलांना हृदय कसे चालते हे दाखवायला बोर्ड उपयोगीही पडतो. पण नुसत्या बोर्डाने निकाल सुधारत नाहीत. लंडनच्या माध्यमिक शाळांत असे बोर्ड बसवल्यावर झालेल्या पाहणीचा अहवाल २००७ मध्ये आला. पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांत लक्षणीय फरक दिसला नव्हता. स्वीडनने २०२३ मध्ये बालवाड्यांतली डिजिटल साधनांची सक्ती मागे घेण्याचे जाहीर केले.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, ते पाने, खडे, शंख-शिंपले घेऊन. आपल्या सरकारचा २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडाही याच वयासाठी खेळ, खेळणी आणि गोष्टींवर भर देतो. मग जाहिरातीत बोर्डच का? कारण त्याचा फोटो छान येतो. चांगल्या शिक्षिकेचा पगार फोटोत दिसत नाही.

प्रवेश घेताना हे विचारा

- बोर्ड दिवसात किती मिनिटे चालू असतो?
- एका शिक्षिकेमागे मुले किती?
- रोज किती वेळ मैदानात, माती-वाळूत?
- गोष्ट बाई सांगतात की बोर्ड?

उत्तर देताना शाळा अडखळली, तर दुसरी शाळा पाहा. आणि एक महत्त्वाचे: दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर ‘स्क्रीनमुळे असेल’ म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानही तपासून घ्या.