वाचनाआधीचे अडखळणे

‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांत गफलत करणारे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे काढून नंतर उच्चारण्याच्या आपल्या लिपीच्या रिवाजाशी झगडणारे तिसरी-चौथीतले मूल पाहिले, की त्यास डिस्लेक्सिया असावा अशी शंका घेण्याइतकी जाणीव आता आपल्या शिक्षकवर्गात आली आहे, आणि तिचे काही श्रेय २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटासही दिले पाहिजे. परंतु तेच मूल अंगणवाडीत असताना बोलण्यातही अडत होते काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

डिस्लेक्सियाचे मूळ डोळ्यांत नसून, भाषेतील ध्वनी मनात साठविणे, सुटे करणे आणि हवे तेव्हा हाताशी आणणे या शक्तीच्या उणिवेत बहुतांशी आहे, असे गेल्या काही दशकांच्या संशोधनाने दाखविले आहे. ती उणीव ज्यांच्या ठायी असते त्यांपैकी काही मुले उशिरा बोलू लागतात. काहींना वस्तू पक्की ओळखीची असूनही तिचे नाव ऐन वेळी आठवत नाही, ‘ते… ते हे’ असे म्हणत ती वेळ मारून नेतात. ‘महानगरपालिका’ अशा लांबलचक शब्दातील अक्षरे त्यांच्या तोंडी जागा बदलतात. यमके जुळत नाहीत, पाढे व महिन्यांची नावे क्रमाने येत नाहीत. सर्वांचेच असे होते असे मात्र नव्हे. काही मुले वाचनात अडतात आणि बोलण्यात वर्गाला हरवितात.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने वर्णन केलेला चौदा वर्षांचा पर्सी असाच होता. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याचे शिक्षक म्हणत. या एका विख्यात उदाहरणाची छाया आपल्या समजुतीवर अजून पडलेली दिसते: लेखी जमत नसेल तर तोंडी विचारा, म्हणजे झाले! महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ व लेखनिक अशा सवलती देऊ केल्या, हे भूषणावहच होय. तथापि त्यांचा रोख उत्तरपत्रिकेकडे होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेची व्याख्या करताना मात्र बोली व लेखी अशा दोन्ही भाषा गृहीत धरल्या आणि वाचन-लेखनाच्या जोडीने बोलण्यातील अडचणीचाही स्पष्ट निर्देश केला. कायद्याने जे मान्य केले ते वर्गाच्या शिरस्त्यात अद्याप उतरलेले नाही, हीच माझी तक्रार आहे.

नांदगाव पेठेसारख्या गावी हा प्रश्न अधिक बिकट होतो. अमरावतीलगतच्या, नागपूरच्या हमरस्त्यावरील या गावाच्या औद्योगिक वसाहतीमुळे वऱ्हाडी, हिंदी आणि पुस्तकी मराठी अशा तीन वळणांची भाषा एकाच वर्गात नांदू शकते. वऱ्हाडी मूल ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘पोळा’ला ‘पोया’ म्हणते, त्यात कसलाही विकार नाही; ते आपल्या आजीसारखे बोलते आणि प्रत्येक वेळी तसेच बोलते. जे आजीसारखेही बोलत नाही, एकच शब्द आज एका तऱ्हेने व उद्या दुसऱ्या तऱ्हेने उच्चारते, त्याच्याकडे लक्ष द्यावयास हवे. हा विवेक सुटला की दुहेरी अन्याय होतो: निरोगी बोलीवर दोषाचा शिक्का बसतो, आणि खरी अडचण ‘गावाकडची भाषा’ म्हणून दडून राहते.

यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. २०१३ साली आपल्याच पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावीत अशी तजवीज आहे, आणि भाषाविकासातील विलंब व अध्ययनदोष हे दोन्ही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये सिद्ध केलेल्या ‘डाली’ या डिस्लेक्सिया पारखणाऱ्या चाचण्या मराठीतही उपलब्ध आहेत. उणीव आहे ती अंगणवाडी सेविकेची नोंद पहिलीच्या शिक्षकापर्यंत पोहोचविणाऱ्या दुव्याची. बोलण्यात मागे राहिलेल्या प्रत्येक मुलाची प्रथम श्रवणचाचणी व्हावी, मग वाचातज्ज्ञाकडे रवानगी व्हावी, आणि त्याचा कागद मुलाच्या दाखल्याबरोबर शाळेच्या दप्तरी जावा. बोलण्यात मागे असलेले प्रत्येक मूल पुढे वाचनात अडेलच असे नाही. पण ज्याच्यावर नजर ठेवावयाची ते कोण, हे तरी शाळेला पहिल्याच दिवशी कळेल.

वर्गातील उपाय तर बिनखर्चाचे आहेत. प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे. शब्द सुचत नसेल तर दोन पर्याय पुढे ठेवावेत. पूर्वसूचनेवाचून सर्वांदेखत मोठ्याने वाचावयास उभे करू नये. आणि तोंडी परीक्षेतही लेखीप्रमाणेच जादा अवधी द्यावा. उत्तर माहीत असूनही जे मूल ते वेळेवर उच्चारू शकले नाही, त्याच्या नावापुढे शून्य मांडणारी परीक्षा त्याचे ज्ञान मोजीत नाही, केवळ त्याचा वेग मोजते. आणि वेगासाठी गुण देण्याची तरतूद कोणत्याही अभ्यासक्रमाने केलेली नाही.