आवाज कुणाचा घ्यायचा?



मागच्या व्हिडिओत आपण पॅकिंगवर बोललो. आजचा विषय पुस्तकांचा आहे, पण धंद्याचाच आहे.

आमच्या ओळखीचे एक कादंबरीकार आहेत, हिंगोली जिल्ह्यातलेच. त्यांच्या तीन कादंबऱ्यांची ऑडिओबुकं करायची विचारणा आली. वाचणार कोण, तर मालिकेतला एक ओळखीचा चेहरा. सर करार घेऊन दुकानात आले. म्हणाले, "बघ बरं, सही करू का?"

मी म्हणलं, आधी नमुना ऐकवा. अभिनेता चांगला, आवाज तर एक नंबर. पण पुस्तकातली म्हातारी लेकाला विचारते, "कुठं जायलास?" आणि हे साहेब "जायलास"पाशी अडखळले, जणू छपाईची चूक आहे. पुढं "काय करायलास?" त्यांनी असं वाचलं की वाक्य अर्धवट राहिलंय असं वाटलं. आपल्याकडं लहान लेकरू हे रोज बोलतं. सर हसले, पण त्यांचं तोंड उतरलं होतं.

माझं मत तेव्हाच ठरलं. छापील पुस्तकात कव्हर, कागद हे पॅकिंग असतं. ऑडिओत आवाज हाच माल. वसमतच्या बाजारात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, पोत्यावरचं नाव वाचून भाव लावत नाही.

स्टोरीटेल 2017 ला भारतात आलं, मराठी पुस्तकं घेऊनच आलं. पण ऐकायची सवय आपल्याला जुनी आहे. पुलं आणि वपुंच्या कॅसेटी घरोघरी होत्या. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत फिरायचे. तिथं लिहिणारा आणि सांगणारा माणूस एकच, त्यामुळं भाषेचा प्रश्नच नव्हता. अभिनेता मधे आला की तो प्रश्न येतो, आणि तो कुणीतरी सोडवावा लागतो.

रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' घ्या, 1971 ची. मराठवाड्यातल्या शिंप्याची गोष्ट, सांगणारी त्याची बायको, तिच्याच बोलीत. शिलाई मशीनवर बसलेल्या माणसानं काम करता करता ऐकावी अशी कादंबरी. ती शुद्ध, गुळगुळीत आवाजात वाचली तर ती बाई राहतच नाही.

"पण सर, नावाला गिऱ्हाईक येतं," असं तुम्ही म्हणाल. येतं, पहिल्या दिवशी येतं. साठ हजार शब्दांची कादंबरी मिनिटाला दीडशे शब्दांनी वाचली तर साधारण सात तास होतात. सात तास कुणी चेहऱ्यासाठी ऐकत नाही.

अर्थात मराठवाड्याचा कुणीही चालेल असंही नाही. मी स्वतः एकदा पुस्तक मोठ्यानं वाचून बघितलं, वीस मिनिटांत घसा बसला. (व्हिडिओ तेवढाच बनवतो, त्याचं कारण कळलं असेल.) हे कसबाचं काम आहे. पण परभणी, नांदेडकडं नाटकवाले आहेत, एकांकिका करून तयार झालेली पोरं-पोरी आहेत. त्यांना विचारलं कुणी?

कराराचंही बघा. ऑडिओचे हक्क वेगळे लिहा, छापील पुस्तकाच्या कागदात ढकलू नका. मुदत लिहा. ती लिहिलीच नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे ही नातवंडांपर्यंतची कमाई आहे. आणि वाचणारा लेखकाच्या संमतीनंच ठरेल, ही एक ओळ टाका. पैसे थोडे कमी मिळाले तरी चालेल, ही ओळ सोडू नका.

सरांनी तसं कळवलंय. म्हातारीच्या संवादांची दहा मिनिटं इकडच्या नटाकडून करून पाठवा, नाहीतर त्याच अभिनेत्याला दोन दिवस आमच्याकडं पाठवा, राहायची-जेवायची सोय आम्ही करतो. तिकडून अजून उत्तर नाही. करार माझ्या गल्ल्यातच आहे, सही न केलेला.