आधी वीज, मग वाहन!

विजेवरची वाहने हवीतच. परंतु ती कोठे, केव्हा आणि कशी चार्ज होणार, याचा विचार न करता केलेली खरेदी म्हणजे जनतेच्या पैशांतून उभारलेली शोभायात्रा होय. सातारा-सांगलीच्या नव्या लोकप्रतिनिधींनी याचा विचार आजच करावयास हवा.

नगरपालिकेच्या प्रांगणात वाहने ओळीने उभी राहतात. झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो, हिरवा झेंडा दाखविला जातो आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्र झळकते. विजेवर चालणाऱ्या घंटागाड्यांचे लोकार्पण असे थाटात होते. मात्र त्या रात्री या गाड्या कोठल्या प्लगला लावावयाच्या, याचे उत्तर कित्येकदा समारंभाला आलेल्यांपैकी एकाजवळही नसते. आधी कळस, मग पाया ही आपल्या प्रशासनाची जुनी रीत येथेही सुटत नाही.

राज्याचे विद्युत वाहन धोरण जुलै २०२१ मध्ये जाहीर झाले. शासकीय कार्यालये व नागरी स्थानिक संस्था यांनी यापुढे नवी वाहने विजेवरचीच घ्यावीत, हा निर्णय १ जानेवारी २०२२ पासून लागू करण्याची घोषणा झाली. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २०३० पर्यंतचे नवे धोरण संमत केले. ‘माझी वसुंधरा’ अभियानात पर्यावरणपूरक कामांना गुण आहेत आणि गुणांमागे पारितोषिकाची रक्कमही आहे. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपला देश ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून आणतो. त्या परावलंबनातून सुटण्याचा मार्ग ज्यांना ‘श्रीमंतांचे खूळ’ वाटतो, त्यांनी देशाच्या तेल-आयातीचा हिशेब एकदा पाहावा. म्हणून वाद वाहनाशी नाही. वाद आहे तो खरेदीलाच धोरण समजणाऱ्या वृत्तीशी.

हिशेब अगदी साधा आहे

एखाद्या नगरपालिकेने तीस तीनचाकी घंटागाड्या घेतल्या असे समजू. प्रत्येकीची बॅटरी सुमारे १० युनिटांची. ३ किलोवॉटच्या जोडणीवर ती भरावयास तीन ते चार तास लागतात. तीसही गाड्या एकाच वेळी लावल्या तर मागणी ९० किलोवॉटवर जाते. म्हणजे १०० केव्हीएचे एक रोहित्र जवळजवळ पूर्णपणे त्यांच्याच दिमतीला हवे. ज्या गल्लीतील रोहित्र उन्हाळ्यात पंखे-कूलरांच्या भाराने आधीच धापा टाकते, तेथे हा भार टाकला तर अंधार कोणाच्या घरी पडेल? ज्यांच्या दारातील कचरा उचलावयास गाडी आणली, त्यांच्याच!

बसचे गणित याहून मोठे आहे. पंतप्रधान ई-बस सेवा योजनेला केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता दिली. १० हजार बस आणि दर किलोमीटरमागे दहा वर्षे साहाय्य, अशी ही योजना २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. पाच लाखांवर वस्तीची सांगली-मिरज-कुपवाड महापालिका या निकषात बसते; सव्वा लाखाच्या आतले सातारा शहर बसत नाही. आता ५० बस आणि प्रत्येकीला रात्री २०० युनिट वीज धरली, तर एका रात्रीची गरज १० हजार युनिट होते. सहा तासांत एवढी वीज द्यावयाची तर सोळाशे-सतराशे किलोवॉटची उच्चदाब जोडणी लागते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर पाच अश्वशक्तीचे साडेचारशेच्या आसपास पंप एकदम सुरू करण्यासारखे हे आहे. ही वीज कोणत्या उपकेंद्रातून येणार, वाहिनी कोणत्या रस्त्याने टाकणार, रस्ता खोदण्याची परवानगी कोण देणार, हे प्रश्न बस येण्याआधीचे आहेत. बस आल्यावर ते विचारणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे!

पुरवठादाराच्या भरवशावर सर्व सोपवणेही धोक्याचे असते. एसटी महामंडळाने ५ हजार १५० ई-बससाठी करार केला. पुरवठा रखडला आणि मे २०२५ मध्ये तो करार रद्द करण्याचे निर्देश परिवहनमंत्र्यांना द्यावे लागले. एवढ्या मोठ्या महामंडळाची ही अवस्था, तर दोन अभियंत्यांच्या बळावर चालणाऱ्या नगरपालिकेचे काय होईल?

कृष्णामाई विसरून चालणार नाही

सांगलीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे आणि तो कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्या जखमा भरतात न भरतात तोच जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा ५० फुटांच्या वर गेली. मारुती चौक, टिळक चौक पाण्याखाली गेले, तेव्हा सांगलीकरांनी काय सोसले हे त्यांना सांगावयाची गरज नाही. अशा शहरात चार्जिंगचे आगार, रोहित्र व नियंत्रण यंत्रणा २०१९ च्या पूररेषेच्या वर असावी, ही पहिली अट निविदेत हवी. डिझेलची गाडी शेजारच्या गावातून कॅनभर इंधन आणून चालू करता येते. विजेची गाडी वीज येईपर्यंत जागची हलत नाही. पूर ओसरल्यानंतर शहरात सर्वांत निकडीचे काम असते ते चिखल आणि कचरा हटविण्याचे. नेमक्या त्याच दिवशी सगळ्या घंटागाड्या निश्चल उभ्या असतील, तर रोगराईला आवतण कोणी दिले? यासाठी ताफ्यातील काही वाहने इंधनावरची ठेवणे आणि उंचावर पर्यायी जोडणी ठेवणे, यात प्रतिगामीपणा नाही, शहाणपण आहे.

साताऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. अजिंक्यताऱ्याच्या कुशीतील हे शहर चढ-उतारांचे आहे. २०२० च्या हद्दवाढीनंतर त्याचा पसाराही वाढला. सपाट रस्त्यावर मोजलेला पल्ला भरलेल्या गाडीला चढावर मिळत नाही. कंपनीच्या पत्रकातील किलोमीटरचा आकडा प्रमाण मानून फेऱ्या आखल्या, तर सोनगावच्या कचरा डेपोपर्यंत जाऊन परत येण्यापूर्वीच गाडी दम टाकेल. मग ती ढकलणार कोण? निविदेवर सही करणारा अधिकारी नव्हे, तर पहाटे पाचला कामावर आलेला सफाई कामगार. नियोजनातील प्रत्येक चूक शेवटी सर्वांत खालच्या माणसाच्या खांद्यावर येऊन पडते.

माथेरानचा धडा

माथेरानमध्ये हे खांदे अक्षरशः दिसत होते. मोटारींना बंदी असलेल्या या गिरिस्थानी माणूस माणसाला ओढत होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग करण्यास अनुमती दिली. नगरपरिषदेने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सात रिक्षांनी प्रयोग सुरू केला. तरीही हातरिक्षा संपल्या नाहीत. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. विजेचे वाहन हे केवळ धूर टाळण्याचे साधन नव्हे. ते अंत्योदयाचेही साधन आहे, हे माथेरानने दाखविले. मात्र त्याच माथेरानने हेही दाखविले की प्रयोग आणि व्यवस्था यांत फार मोठे अंतर असते, आणि ते अंतर कष्टकऱ्याला चालावे लागते.

पराक्रम याच मातीत आहे

सातारा-सांगलीच्या नगरपालिकांना हे जमणार नाही, असे कोण म्हणेल? एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०२० मध्ये कऱ्हाड, २०२१ मध्ये विटा आणि २०२२ मध्ये पाचगणी देशात पहिली आली. तिन्ही शहरे याच दोन जिल्ह्यांतील! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या उजाड माळावर उद्योगनगरी वसविली. ओगलेवाडीच्या काचकारखान्याने ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी नेला. १ हजार ९६० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाला पाणी पुरविणारे कोयना धरण पाटण तालुक्यातले. त्यासाठी गावे उठली ती इथली. वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. ज्या मातीने महाराष्ट्राला वीज दिली, तिच्या नगरपालिकेला चार घंटागाड्यांपुरती वीज आखता येऊ नये काय?

उपायही अवघड नाहीत. घंटागाड्या सकाळी फिरतात आणि दुपारी उभ्या असतात. नेमके तेव्हाच ऊन भरपूर असते. वाहनतळाच्या छपरावर सौर पटले बसविली तर मध्यान्हीच्या विजेवर बराच भार निभावेल. विद्युत नियामक आयोगाने २०१८ मध्येच चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र दरवर्ग केला आहे. कार्यालयाच्या मीटरवरून वायर ओढण्याऐवजी रीतसर जोडणी घ्यावी. निविदेत वाहनाच्या किमतीबरोबर बॅटरीची हमी, दुरुस्तीचा कालावधी आणि जुन्या बॅटरीची विल्हेवाट यांचीही किंमत मागावी. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या स्थानिक तरुणांना या दुरुस्तीचे प्रशिक्षण द्यावे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात आवळताच आपल्या वाहन उद्योगाला घाम फुटला. तेलाची गुलामी टाकून बॅटरीची गुलामी पत्करावयाची नसेल, तर निदान दुरुस्तीचे ज्ञान तरी गावात असले पाहिजे. स्वदेशीचा आरंभ तेथून होतो.

काही वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या. सभागृहांत पुन्हा माणसे बसली आहेत. वाहनखरेदीचा विषय पटलावर येईल तेव्हा प्रत्येक सदस्याने तीन कागद मागावेत : वीज वितरण कंपनीचे भारमंजुरीपत्र, आगाराच्या जागेचा पूररेषेसह नकाशा आणि रोजच्या फेऱ्यांचा चढ-उतार धरून केलेला हिशेब. हे तीन कागद नसतील तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवावा. प्रभागातील नागरिकांनी आणि कार्यकर्त्यांनीही हेच तीन कागद आपापल्या नगरसेवकाकडे मागावेत. नारळ फोडण्याची घाई नाही. तो महिनाभर टिकतो. जनतेचा विश्वास मात्र एकदा तडकला की सांधत नाही.