पेरणीनंतरची परीक्षा

दुधात पाणी आढळले तर शहरातील गृहिणी त्याच सकाळी गवळ्याला जाब विचारू शकते. खताच्या पोत्यात काय आहे, हे मात्र शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही आणि हातालाही कळत नाही. डीएपीच्या ५० किलोंच्या पोत्यात ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असावयास हवे. ते आहे की नाही, हे एक तर प्रयोगशाळेने सांगावे, नाहीतर खुरटलेल्या पिकाने! म्हणूनच १९५७ साली खत नियंत्रण आदेश निघाला आणि १९८५ साली तो नव्या स्वरूपात जारी झाला.

हा आदेश दुबळा आहे असे कोणी म्हणणार नाही. निरीक्षकाला नमुने घेण्याचा व साठ्याची विक्री थांबविण्याचा अधिकार आहे. नमुन्याचे तीन भाग होतात, आणि त्यांपैकी एक विक्रेत्याच्या हाती राहतो, म्हणजे त्याच्यावर अन्याय होऊ नये. फरीदाबादेस केंद्रीय संस्था आहे. नवी मुंबई, चेन्नई व कल्याणी येथे तिच्या प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. राज्यांच्या प्रयोगशाळा वेगळ्याच. अपराध शाबीत झाल्यास कारावासही होऊ शकतो.

उणीव आहे ती वेळेची. नमुना पाठविणे, त्याचे पृथक्करण करणे आणि निष्कर्ष कळविणे यांत कित्येक आठवडे जातात. मृगाचा पाऊस तेवढा थांबत नाही. नमुना ‘अप्रमाणित’ ठरेपर्यंत त्याच साठ्यातील पोती शेतात रिती झालेली असतात. बैल गेला आणि झोपा केला, अशी ही तपासणी होय. शिवाय निष्कर्ष कळविला जातो तो विक्रेत्याला व उत्पादकाला. ज्याने कर्ज काढून ते खत मातीत घातले, त्याची आठवण कोणाला राहते?

ही अडचण दुस्तर आहे असे आम्हांस वाटत नाही. नमुने दुकानातील फळीवरूनच का घ्यावेत? हंगामापूर्वी कारखान्यात, रेल्वेच्या मालधक्क्यावर व गोदामात ते अधिक संख्येने घेता येतील, आणि निष्कर्ष येईपर्यंत संशयित साठा रोखून धरता येईल. दुसरे असे की, २०१८ पासून अनुदानित खत ग्राहकाची ओळख पटवून यंत्रावर नोंद करूनच विकले जाते. कोणी, कोणत्या दुकानातून, कोणत्या दिवशी खत नेले, हे सरकारला ठाऊक आहे. अनुदानाचा हिशेब ठेवण्यासाठी जी नोंद चालते, ती खत अप्रमाणित ठरल्यावर खरेदीदाराला सावध करण्यासाठी का चालू नये? भरपाई मागण्यासाठी त्याला तोच पहिला आधार होईल.

हा प्रश्न केवळ खेड्याचा आहे, असे शहरातील वाचकाने समजू नये. त्या पोत्याच्या किमतीचा मोठा भाग सार्वजनिक तिजोरीतून दिला जातो. निकृष्ट खत म्हणजे एकाच पोत्यातून दोघांची लूट आहे. शेतकऱ्याचा हंगाम जातो आणि करदात्याचा पैसा! परीक्षा घ्यावयाचीच तर ती पेरणीपूर्वी घ्यावी. पेरणीनंतरच्या परीक्षेत अपराधी सापडेलही, पण गेलेला हंगाम परत येत नाही.