तिखट झालेला सॉस

विकतच्या टोमॅटो सॉसमध्ये बहुधा कांदा-लसूण असतो. म्हणून अनेक जैन घरांत तो घरीच करण्याची पद्धत आहे. टोमॅटो स्वस्त झाले की एकदम पाच किलोंचा सॉस आटवला जातो. वर्षीतप चालू असलेल्या गृहिणीला उपवासाच्या दिवशी तो चाखता येत नाही. सारा भार हाताच्या अंदाजावर पडतो. त्यात तिखटाची नवी बरणी उघडली असेल तर अंदाज हमखास चुकतो. ब्याडगी मिरची रंगाला गडद, तिखटपणाला सौम्य. त्याच चमच्याने गुंटूरचे तिखट पडले की घरातील मुले आणि वडीलधारी सॉसला हात लावीत नाहीत. टोमॅटो, साखर आणि इंधन यांचा खर्च तर आहेच. परंतु जेथे ताट धुऊन पिण्याचा संस्कार मुलांवर केला जातो, तेथे पातेलेभर अन्न मोरीत ओतणे कोणाला रुचणार?

इतर घरांतील ठरीव उपाय येथे उपयोगी पडत नाहीत. बटाटा कंदमूळ, मध आणि लोणी महाविगयींत गणलेले. बटाट्याविषयी खेद करण्याचे कारणही नाही. तो आपल्याबरोबर थोडा रस शोषतो, तिखट तेवढे निवडून घेत नाही.

मिरचीचा दाह कॅप्सेसिन या द्रव्यामुळे होतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून पाणी ओतल्याने सॉस पातळ होतो, दाह मात्र जिभेवर रेंगाळतो. दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला जिभेवरून दूर करण्यास मदत करते. ठसका लागलेल्या मुलाला पाण्यापेक्षा दूध देणे बरे. मात्र सॉसमध्येच कच्चे दही कालवण्याचा मोह टाळावा. तो सॉस बेसनाच्या भज्यांबरोबर वाढला गेला तर द्विदलाचा दोष येतो, आणि हे घाईत लक्षात राहत नाही.

खात्रीचा उपाय एकच, आणि तो व्यापाऱ्याच्या घरी समजावून सांगण्याची गरज नसावी: माल वाढवणे. एक किलो सॉसमध्ये अर्धा किलो बिनतिखटाचा सॉस मिसळला की तिखटपणा दोन-तृतीयांशावर येतो. एक किलो मिसळला तर निम्म्यावर. नव्या टोमॅटोच्या रसात मीठही घालू नये, साखरही हात राखून घालावी. एकत्र केल्यावर चव पाहून दोन्ही पूर्ण करावीत. टोमॅटो थोडेच असतील तर उकडलेला लाल भोपळा गाळून घालता येतो. त्याने रंग बिघडत नाही आणि गोडवा आपोआप येतो.

साखर किंवा गूळ तिखट कमी करीत नाही, केवळ त्याची जाणीव मंद करतो. किंचित जादा तिखटाला तेवढे पुरते. दुप्पट तिखट पडले असता साखर घालीत राहिले की मुरंब्याला मिरची लागल्यासारखी चव येते.

काहीही करण्यापूर्वी वाटीभर सॉस वेगळा काढून त्यावर प्रयोग करावा. धान्याची वानगी पाहिल्याविना कोणी पोते उचलीत नाही, मग पातेल्याचीच घाई का? वानगी गार करून चाखावी, कारण गरम पदार्थाचे तिखट अधिक झोंबते. तीन-चार वेळा चाखल्यावर जीभ बधिर होते. पुढील चव दुसऱ्या कोणाकडून घ्यावी. उपवास असलेल्या गृहिणीने ते काम निःसंकोचपणे यजमानांवर सोपवावे.

टोमॅटो महाग असतील किंवा तिथी जवळ आली असेल तर त्या पदार्थाला सॉस म्हणण्याचा हट्ट सोडावा. तसाच आटवून घट्ट केला की ते उत्तम वाटण होते. आमटीत एक चमचा, कच्च्या केळ्याच्या पावभाजीत दोन चमचे. पावभाजीवर वरून साजूक तूप सोडले की दाहही निवतो. थेट सॉसच्या बाटलीत मात्र तूप घालू नये. थंडीत ते गोठून वर थर धरते.

वाढवलेला सॉस पुन्हा पूर्ण उकळून पूर्वीइतका दाट करावा लागतो. त्यातील आंबटपणाही उतरलेला असतो, तेव्हा लिंबाचा रस घालावा. व्हिनेगर वर्ज्य मानणाऱ्या घरांत तोच सोयीचा. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच भरून, निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा आणि आठवड्याभरात संपवावा. आपल्या संप्रदायात काळमर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळावी, आणि बाटलीवर तारखेबरोबर मिरचीची जातही लिहावी.